गाठ मानेत, खूण कातडीवर

पायाला काटा मोडला आणि जखम चिघळली, की दोन दिवसांत जांघेत एक दुखरी गाठ येते. घरातील वडीलधारी बाई हात लावून पाहते आणि म्हणते, "अवधाण आलंय. जखम बरी झाली की बसेल." आणि खरोखरच ती बसते. दाढ किडली की जबड्याखाली, घसा सुजला की गळ्याशी अशाच गाठी येतात. या गाठींना कुणी भीत नाही. परंतु तीच गाठ मानेच्या बाजूला आली, महिना उलटला तरी बसेना, आणि सोबत रोज संध्याकाळी ताप चढू लागला, म्हणजे घरातील वातावरण बदलते. मोठी माणसे हलक्या आवाजात बोलू लागतात. क्षय हा शब्द सर्वांच्या मनात असतो, पण तोंडावाटे कुणी काढत नाही. त्याहून भयंकर असा जो दुसरा शब्द, तो तर मनातही येऊ दिला जात नाही.

मानेतील गाठ निदान ओढणीखाली झाकता येते. तिच्याबरोबर चेहऱ्यावर चट्टे उठले तर मात्र काहीच झाकत नाही. गाठ आणि चट्टे एकदम घेऊन येणारा, पुष्कळांनी नावही न ऐकलेला, असा एक रोग आहे. त्याचे नाव किकुची-फुजिमोतो रोग. या रोगात कातडी काय सांगत असते, आणि ते ऐकण्यात आपण कुठे चुकतो, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

खोलीतील गोष्ट

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध तापाच्या गोळीपुरता. तरीही हा विषय निवडला, त्याला कारण वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारी माझी मैत्रीण. तिच्या संमतीने, तिचे नाव न घेता, ही हकीगत लिहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली ती मानेच्या डाव्या बाजूला, कानाच्या खाली व जरा मागे, हरभऱ्याएवढ्या दोन गाठी घेऊन. दाबले की त्या दुखत. संध्याकाळी अंग तापे, रात्री घाम येई, जेवण जात नसे. पंधरा दिवसांत गाठी बोराएवढ्या झाल्या. मग एके सकाळी तिच्या दोन्ही गालांवर आणि दंडांवर जांभळट काळसर, जरासे उठलेले चट्टे दिसू लागले. वसतिगृहात निदान करणाऱ्यांची वाण नसते. एक म्हणाली ऊन लागले, दुसरी म्हणाली पित्त उठले, तिसरीने वांग म्हणून कोरफडीचा गर आणून दिला.

त्यानंतर एका दवाखान्यात सुईने गाठीतील पेशी काढून तपासण्यात आल्या. मृत पेशींचा चुरा आढळला, क्षयाची शक्यता आहे, अशा अर्थाचा अहवाल आला. सहा महिन्यांचा औषधोपचार सुरू झाला. गोळ्या सुरू झाल्यावर चट्टे आणखी वाढले, तेव्हा ते गोळ्या न सोसल्यामुळे आले असावेत असे ठरले. वास्तविक चट्टे गोळ्यांच्या आधीचे होते. पण हे तिला कुणी विचारले नाही, आणि तिला रोज पाहणाऱ्या आम्हीही ते सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दिवसांत मी माझा तांब्या-पेला वेगळा ठेवू लागले होते. तिच्या ते लक्षात आले होते. ती काही बोलली नाही. फुप्फुसात रोग नसून केवळ गाठीचा क्षय असेल, तर तो शेजारी बसल्याने किंवा एका भांड्यातून पाणी प्यायल्याने दुसऱ्याला लागत नाही, हे मला नंतर कळले. तिच्या आईला गाठीपेक्षा चट्ट्यांची धास्ती अधिक. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गाठ एक वेळ झाकता येईल गं, पण तोंड कुठं लपवायचं? माघात पाहुणे यायचेत तिला बघायला."

पुढे काय झाले ते शेवटी सांगते. आधी रोगाची ओळख करून घेऊ.

एक रोग, दोन शोधक

१९७२ साली जपानमध्ये मासाहिरो किकुची यांनी मानेतील गाठींच्या एका निराळ्या दाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी फुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही, किकुचींपासून स्वतंत्रपणे, तोच रोग वर्णिला. म्हणून आज दोघांचीही नावे रोगाला जोडली जातात. दोन्ही लेख जपानी भाषेत होते, त्यामुळे पश्चिमेकडील डॉक्टरांपर्यंत हा विषय पोहोचण्यास काही वर्षे गेली. १९८२-८३ च्या सुमारास युरोप व अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांनी आपल्या संग्रहातील गाठी पुन्हा तपासल्या, तेव्हा हा रोग तेथेही असल्याचे दिसून आले. १९८८ मध्ये अमेरिकेतील डॉर्फमन व बेरी यांनी १०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या गाठींना लसिकाग्रंथीचा कर्करोग, म्हणजे लिंफोमा, समजण्याची चूक कशी होते याची चर्चा हा त्या अभ्यासाचा मुख्य भाग होता. तात्पर्य, रोग आधीपासून होताच, त्याला नाव नव्हते. नाव नसलेल्या रोगाला जवळपासचे दुसरे नाव चिकटते, आणि त्या दुसऱ्या नावाचे औषध रुग्णाच्या पोटात जाते.

हा रोग जगभर आढळतो, परंतु जपान, कोरिया, तैवान, भारत अशा आशियाई देशांतून त्याच्या नोंदी अधिक येतात. आशियाई लोकांत अधिक आढळणाऱ्या काही आनुवंशिक गुणांशी त्याचा संबंध दिसून आला आहे. रुग्ण बहुधा चाळिशीच्या आतले, पुष्कळदा विशीतिशीतले असतात. सुरुवातीच्या अभ्यासांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या चौपट दिसले होते. नंतरच्या अभ्यासांत ते अंतर कमी झाले, तरी स्त्रिया थोड्या अधिकच आढळतात. म्हणजे आपल्या महाविद्यालयाच्या वर्गांत बसणारे जे वय, तेच या रोगाचे वय.

गाठीच्या आत काय घडते

आपल्या शरीरात लसिकाग्रंथींची शेकडो ठाणी आहेत आणि त्यांतील मोठा वाटा एकट्या मानेत आहे. पेशींच्या भोवतालचा द्रव, म्हणजे लसिका, बारीक नळ्यांतून वाहत या ग्रंथींतून जातो. जकात नाक्यावर जशी गाडी थांबवून माल तपासत, तशी येथे त्या द्रवाची तपासणी होते. परका जंतू सापडला की ग्रंथीतील संरक्षक पेशी झपाट्याने वाढतात, ग्रंथी फुगते आणि दुखू लागते. हेच आपले अवधाण.

जंतूंमुळे गाठीत पू होतो, तेव्हा तेथे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली असते. पू म्हणजे बहुतांशी या मेलेल्या पेशीच. किकुची रोगात मात्र एक चमत्कारिक दृश्य दिसते. ग्रंथीच्या काही भागांत पेशी मोठ्या संख्येने मरून पडलेल्या असतात, त्यांच्या केंद्रकांचा बारीक चुरा सर्वत्र विखुरलेला असतो, पण न्यूट्रोफिल जवळजवळ नसतातच. त्यांच्याऐवजी हिस्टिओसाइट नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी जमून तो चुरा गिळत असतात. त्यांतील काहींची केंद्रके चंद्रकोरीसारखी एका कडेला दाबली गेलेली दिसतात. मेलेल्या पेशी बहुतांशी शरीराच्याच संरक्षक पेशी असतात आणि त्या आतून ठरल्याप्रमाणे मोडत जातात. एखाद्या विषाणूने हे सत्र सुरू होत असावे असा तर्क आहे. अनेक विषाणूंवर संशय घेतला गेला, पण एकावरही दोष सिद्ध झालेला नाही.

रुग्णाला जाणवते ते असे: मानेत, बहुधा एकाच बाजूला, एक-दोन सेंटिमीटरच्या काही गाठी, त्यांना दाबल्यास दुखणे, आणि ताप. काहींना थकवा, रात्रीचा घाम, सांधेदुखी, वजन घटणे असेही होते. रक्त तपासल्यास पुष्कळांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या आढळतात. सामान्य जंतुसंसर्गात त्या वाढतात, म्हणून ही घट जाणत्या डॉक्टरला विचारात पाडते. पण अमुक रक्ततपासणी केली आणि किकुची रोग ठरला, अशी एकही चाचणी नाही. खात्री होते ती गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच.

कातडी काय सांगते

आता मुख्य विषयाकडे वळू. रोग लसिकाग्रंथीचा, मग कातडीचा त्याच्याशी संबंध काय? लसिकाग्रंथींच्या बाहेर हा रोग ज्या ठिकाणी सर्वांत अधिक दिसतो, ते ठिकाण म्हणजे कातडी. किती रुग्णांत दिसतो याचे आकडे निरनिराळ्या अभ्यासांत बरेच निराळे आहेत. काहींत ते थोडेच आहे, तर काहींत सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जाते. १९९० मध्ये तैवानमधील विकृतिशास्त्रज्ञ कुओ यांनी केवळ या रोगातील कातडीच्या लक्षणांवर लेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून या चट्ट्यांकडे केवळ योगायोग म्हणून न पाहता रोगाचाच एक भाग म्हणून पाहिले जाऊ लागले.

हे चट्टे अधिक करून चेहऱ्यावर आणि शरीराच्या वरच्या भागावर, म्हणजे मान, छाती, पाठ व दंड येथे येतात. त्यांचे ठरावीक रूप नाही, आणि हीच त्यांची अडचण आहे. कुणाला गोवरासारखे बारीक पुरळ येते. कुणाला घट्ट, उठलेले फोड किंवा पसरट चट्टे येतात. कुणाच्या अंगावर गांधी उठल्यासारखे दिसते. काहींच्या दोन्ही गालांवर, नाकाच्या दोन बाजूंना पंख पसरल्याप्रमाणे चट्टा उमटतो. काहींचे तोंड येते, ओठांवर खपल्या धरतात. खाज कधी सुटते, कधी सुटत नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहून हे चट्टे किकुचीचे असे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. गोवर, पित्त, औषधाची प्रतिक्रिया, लुपस, या सर्वांची सोंगे ते घेतात.

चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मात्र ओळखीच्या खुणा दिसतात. कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी पेशींची एक ओळ असते. तेथील काही पेशी फुगून विरलेल्या व काही मेलेल्या आढळतात. त्याखालच्या थराला सूज असते, तेथे लिंफोसाइट आणि हिस्टिओसाइट जमलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये केंद्रकांचा तोच चुरा पडलेला असतो. येथेही न्यूट्रोफिल नसतात. गाठीत जे दृश्य दिसले, त्याचीच लहान प्रत कातडीत उमटलेली असते. मानेतील गाठ आणि गालावरचा चट्टा ही दोन दुखणी नसून एकाच दुखण्याच्या दोन जागा आहेत, याचा हा पुरावा.

तथापि कातडीचा तुकडा एकटा पुरेसा नाही. तळच्या ओळीतील पेशी विरण्याचे हेच दृश्य लुपस या रोगातही दिसते. म्हणून कातडी साक्ष देते, पण निवाडा बहुधा गाठीवरूनच करावा लागतो.

पुस्तकातील 'लाल' आणि आपला रंग

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. वैद्यकाच्या पुस्तकांतून या चट्ट्यांचे वर्णन 'लाल' असे केलेले असते. गोऱ्या कातडीवर ते लाल दिसतात हे खरे. पण गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या कातडीवर तोच दाह जांभळट, तपकिरी किंवा राखाडी काळपट दिसतो. कित्येकदा रंगातील फरक डोळ्यांना जाणवतही नाही, फक्त बोटाला उठाव आणि ऊब लागते. आपल्याकडे असा चट्टा 'काळा डाग' या सदरात जातो आणि त्यावर घरगुती लेप किंवा रंग उजळण्याचे मलम लावले जाते. अशा मलमांपैकी काहींत स्टेरॉइड असते. ते लावल्याने दाह काही दिवस दबतो, डाग फिका होतो, आणि डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत खूण पुसट झालेली असते.

मुलीच्या चेहऱ्यावरील डाग हा आपल्या समाजात आरोग्याचा प्रश्न मानला जात नाही, तो लग्नाचा प्रश्न मानला जातो. त्यामुळे तो दाखवण्याऐवजी लपवला जातो. माझ्या मैत्रिणीने दवाखान्यात जाताना चेहऱ्यावर पावडरचा जाड थर दिला होता आणि दंड झाकणारे लांब बाह्यांचे कपडे घातले होते. डॉक्टरांनी गाठ पाहिली. चट्टे त्यांना दिसले असतील का, याची मला आजही शंका आहे.

राजाचा स्पर्श, लांडगा आणि फुलपाखरू

या रोगाचा गोंधळ प्रामुख्याने तिघांशी होतो: क्षय, लिंफोमा आणि लुपस. यांतील पहिल्या व तिसऱ्या नावामागे साहित्य व इतिहास यांच्या विद्यार्थ्यांना रस वाटेल अशी हकीगत आहे.

मानेतील क्षयाच्या गाठींना आपल्याकडे गंडमाळा म्हणतात. इंग्लंडमध्ये त्यांना 'राजाचे दुखणे' म्हणत, कारण राजाने हात लावला की त्या बऱ्या होतात अशी तेथे शेकडो वर्षे समजूत होती. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात या स्पर्शोपचाराचा उल्लेख येतो. इंग्रजी भाषेचा थोर कोशकार सॅम्युएल जॉन्सन याला तान्हेपणी या गाठी झाल्या होत्या. १७१२ साली त्याची आई त्याला लंडनला राणी अ‍ॅनकडे घेऊन गेली आणि राणीने त्याला स्पर्श केला. गाठी काही बऱ्या झाल्या नाहीत. शस्त्रक्रियेचे व्रण त्याच्या मानेवर जन्मभर राहिले. राजाच्या स्पर्शाने काही जण बरे होत असतील, तर त्यांतील कित्येकांची गाठ मुळात आपोआप बसणारी असणार, असा विचार किकुची रोगाविषयी वाचताना मनात येतो. आपोआप बऱ्या होणाऱ्या रोगाचे श्रेय ज्याने शेवटचे औषध दिले त्याला मिळते. चुकीच्या निदानाचेही असेच आहे. क्षयाच्या गोळ्या चालू असताना किकुचीची गाठ बसली, तर क्षयच होता असे सर्वांना वाटते, आणि चूक कधीच उघडकीस येत नाही.

लुपस या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील ज्या जखमा लांडग्याने कुरतडल्यासारख्या दिसत, त्यांना युरोपात मध्ययुगापासून हे नाव होते. १८४६ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी गालांवरील अशा एका चट्ट्याला फुलपाखराची उपमा दिली. गंमत अशी, की कातडीच्या क्षयालाही 'लुपस वल्गॅरिस' असेच नाव पडले होते. नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल. आज आपण ज्याला लुपस म्हणतो तो मात्र जंतूचा रोग नाही. त्यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटते. एकाच नावाखाली इतके निराळे रोग राहिले, याचे कारण ते कातडीवर सारखे दिसत.

किकुची रोग आणि लुपस यांचे नाते तर याहून जवळचे आहे. काही रुग्णांत लुपस आधीपासून असतो, काहींत दोन्ही एकदम आढळतात, तर काहींत किकुची बरा झाल्यावर पुढे केव्हा तरी लुपस प्रकट होतो. बहुसंख्य रुग्णांत असे होत नाही. परंतु ज्यांच्या कातडीवर चट्टे उठले, विशेषतः ज्यांच्या चट्ट्यांत सूक्ष्मदर्शकाखाली तळच्या ओळीतील पेशी विरलेल्या आढळल्या, त्यांच्याबाबत डॉक्टर अधिक सावध राहतात. लुपससाठी रक्ताची तपासणी करतात आणि रोग बरा झाल्यावरही काही वर्षे मधूनमधून बोलावतात. म्हणजे चट्टा नुसता चालू दुखण्याची बातमी देत नाही, पुढे कुठे लक्ष ठेवावे हेही सुचवतो. तो पावडरखाली झाकणे किती महागात पडू शकते हे यावरून ध्यानात यावे.

क्षयाशी होणारा गोंधळ आपल्या देशात अधिक असणे स्वाभाविक आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि मानेतील दीर्घकाळच्या गाठींचे क्षय हे आपल्याकडील मोठे कारण आहे. तेव्हा डॉक्टरांच्या मनात प्रथम क्षय यावा यात त्यांचा दोष नाही. क्षयाच्या गाठीतही पेशी मरतात आणि किकुचीतही मरतात. सुईने काढलेल्या थेंबभर मालात फक्त मृत पेशींचा चुरा आला, तर दोहोंतील फरक सांगणे कठीण होते. अख्खी गाठ काढून पाहिली, तर क्षयात पेशींची विशिष्ट वर्तुळाकार रचना दिसते, जंतूचा शोध घेता येतो, त्याची वाढ करून पाहता येते. मान कापण्याच्या भीतीने आणि व्रण राहील या काळजीने कित्येक घरांत गाठ काढण्यास नकार दिला जातो. बोटाच्या पेराएवढा तो व्रण टाळण्यासाठी सहा महिने नको असलेली औषधे घेणे हा सौदा शहाणपणाचा नव्हे. लिंफोमाचा संशय असेल तर तुकड्याचे महत्त्व अधिकच वाढते, कारण तेथे चुकीचे नाव म्हणजे कर्करोगाची कडक औषधे. उलट खऱ्या लिंफोमाला किकुची समजणे म्हणजे हातचा मोलाचा वेळ घालवणे.

उपचार थोडा, धीर फार

इतक्या धास्तीनंतर वाचकांस हे वाचून बरे वाटेल, की किकुची रोग बहुधा एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो. ताप आणि दुखणे यांवर साध्या वेदनाशामक गोळ्या देतात. ताप फार लांबला, चट्टे फार पसरले किंवा इतर अवयवांना त्रास झाला, तर स्टेरॉइड देतात. मलेरियासाठी निघालेले हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे औषधही काही रुग्णांत वापरतात. चट्टे सहसा गाठींच्या मागोमाग ओसरतात. थोड्या रुग्णांत, सुमारे तीन-चार टक्क्यांत, रोग पुन्हा उलटतो. मृत्यूच्या नोंदी आहेत, पण त्या अगदीच विरळा.

येथे एक इशारा दिला नाही तर हा लेख उपकाराऐवजी अपकार करील. मानेतील गाठ म्हणजे किकुची असे कुणी समजू नये. किकुची दुर्मिळ आहे, क्षय दुर्मिळ नाही. क्षयाच्या गोळ्या चालू असलेल्या कुणीही हा लेख वाचून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. अर्धवट सोडलेला क्षय पुढे औषधांनाही दाद देत नाही. आपण करावयाचे ते एवढेच, की डॉक्टरांना सर्व काही दाखवायचे, घडले त्या क्रमाने सांगायचे, आणि गाठ काढून तपासावी असे ते म्हणाले तर भिऊन नाही म्हणायचे नाही.

शेवटी

आता राहिलेली हकीगत. गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले तरी ताप हटेना, तेव्हा तिचे वडील तिला मोठ्या शहरातील रुग्णालयात घेऊन गेले. सोबतीला मी होते. तेथे कातडीच्या विभागातील एका तरुण डॉक्टर बाईंनी प्रथम तिला तोंड धुऊन यावयास सांगितले. मग खिडकीजवळ, उजेडात बसवून त्यांनी चट्ट्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, "आधी काय आलं? हे चट्टे, की गोळ्या?"

मैत्रीण गप्प राहिली. बहुधा तिला आठवत नव्हते. मला आठवत होते, कारण कोरफड आणली तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता. मी म्हणाले, "चट्टे. गोळ्यांच्या आधी दहा-बारा दिवस." त्यांनी ते कागदावर लिहून घेतले आणि खाली रेघ ओढली.

त्यानंतर मानेतील एक गाठ अख्खी काढण्यात आली, दंडावरील चट्ट्याचाही लहानसा तुकडा घेण्यात आला. क्षयाच्या तपासण्या नव्याने झाल्या. जंतू कुठेच आढळला नाही. दोन्ही तुकड्यांत केंद्रकांचा चुरा होता आणि न्यूट्रोफिल नव्हते. अहवालात किकुची हे नाव आले. डॉक्टरांनी आपल्या देखरेखीखाली क्षयाच्या गोळ्या थांबवल्या. लुपसची रक्ततपासणी निर्दोष निघाली. फाल्गुन लागेतो ताप गेला, गाठी बसल्या. चट्ट्यांच्या जागी फिकट डाग राहिले होते, तेही विरत गेले. माघातले पाहुणे अर्थातच आले नाहीत. तिने त्याचे दुःख केले नाही, ती परीक्षेला बसली. दर सहा महिन्यांनी ती तपासणीस जाते.

त्या दिवशी शहरातून परतताना गाडीत तिने आपल्या बाटलीतील पाणी पिऊन बाटली माझ्यापुढे धरली. अहवाल यावयाचा होता, तिला नक्की काय झाले आहे हे तोवर आम्हां दोघींनाही ठाऊक नव्हते. मी ती घेतली आणि प्याले.

आपल्यापैकी कुणाच्या मानेत गाठ येईल, कुणाच्या गालावर चट्टे उठतील. आपण डॉक्टर नाही, रोगाचे नाव ठेवण्याचे काम आपले नाही. पण शेजारच्या खाटेवरील मुलीला काय झाले, केव्हा झाले, आधी काय आणि मागून काय, हे आपल्याइतके जवळून पाहणारे दुसरे कुणी नसते. ते नीट लक्षात ठेवावे आणि विचारले की सांगावे. त्या डॉक्टर बाईंना हवा असलेला दुवा कोणत्याही यंत्रात नव्हता. तो आमच्या खोलीत होता, आणि दोन महिने तेथेच पडून राहिला होता.